एका दमात चार नावं

मल्लप्पा, श्रीकिसन, जगन्नाथ, कुर्बान. आमचे ताता, म्हणजे आजोबा, ही चार नावं कायम एका दमात घ्यायचे. मधे श्वास नाही, मागे आडनाव नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत माग, आत आम्ही सगळे. माग थांबला की ताता बोलायला लागायचे. अव्वा सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेली असायची. तिची बोटं कामात आणि कान गोष्टीत. गोष्ट घरच्या तेलुगूत सुरू व्हायची आणि माणसं रस्त्यावर उतरली की आपोआप मराठी व्हायची. तसेच वाढलो आम्ही, एका गोष्टीत दोन भाषा घेऊन.

१९३० साली ताता बारा वर्षांचे होते आणि त्यांचे वडील जुन्या मिलमध्ये कामाला होते. त्या वर्षी ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि शहर रस्त्यावर आलं. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराकडे लोकांनी दारूच्या निषेधात शिंदीची झाडं तोडली. गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण त्यात गेला. जमाव चवताळला, पोलीस चौकी जळाली, पोलीसही मारले गेले. हा भाग ताता कधी गाळायचे नाहीत. ‘तीही कुणाची तरी पोरंच होती,’ म्हणायचे आणि थोडा वेळ गप्प व्हायचे.

पुढचे काही दिवस शहरात पोलीस दिसेना. बंदोबस्त स्वयंसेवकांनी सांभाळला. मग १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणं हाही गुन्हा ठरला. तातांच्या आईने नवऱ्याची टोपी घडी करून ज्वारीच्या मडक्यात तळाशी घातली आणि वर कडुलिंबाचा पाला ठेवला. ती टोपी मी हातात घेतली आहे. खादी जाड, घडीच्या जागी पिवळी रेघ उमटलेली; कितीही धुतली तरी ती रेघ गेली नाही, असं अव्वा सांगायची.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली त्या चार नावांच्या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी झाली. संक्रांत दोन दिवसांवर, सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस. ‘त्या वर्षी आमच्या घरी तिळगूळ झाला नाही,’ इथे तातांची गोष्ट संपायची.

मल्लप्पा धनशेट्टी लिंगायत, श्रीकिसन सारडा मारवाडी, जगन्नाथ शिंदे मराठा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन मुसलमान, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घरी येऊन मी विचारलं, ‘ताता, कुर्बान मुसलमान होते?’ त्यांनी धोटा बाजूला ठेवला. म्हणाले, ‘सोलापूरचे होते.’

पुढे मी नोकरीसाठी पुण्यात आले. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?’ तातांचे आजोबा दुष्काळात तेलंगणातून पोटासाठी आले, हे खरं. पण मी विचार मराठीत करते, देवापुढे तेलुगूत बोलते, आणि माझं मूळ विचाराल तर ते त्या चार नावांपाशी आहे. मी कोण, हे मला रक्ताच्या नात्याने जेवढं कळलं, त्याहून जास्त त्या गोष्टीने कळलं.

म्हणूनच आज जीव घाबरा होतो. माझ्या भाच्याचा मित्र खोली शोधत होता. फोनवर खोली रिकामी होती. नाव सांगितलं आणि ती तेवढ्यात ‘दिली गेली’. भाचा हे सांगताना चिडला नव्हता, त्याला ते सवयीचं झालं होतं. मला त्या सवयीचीच भीती वाटली. सोलापुरात या चौघांच्या पुतळ्यांपाशी एकदा एक गृहस्थ एकाच पुतळ्याला हार घालून मुलाला सांगत होते, ‘हे आपले.’ बाकीचे तिघे शेजारीच उभे होते.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता हा शब्द आहे. घटना समितीच्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीने १९४८ मध्ये तो जाणीवपूर्वक घातला, कारण बंधुभावाची गरज कधी नव्हे इतकी त्या घडीला आहे, असं समितीला वाटलं. फाळणीच्या जखमा ओल्या असताना त्या माणसांनी हा शब्द लिहिला. आपण तो खोली देताना, हार घालताना, मुलांशी बोलताना थोडाथोडा खोडतो आहोत. देश आदर्शांपासून दुरावतो तो असाच, घराघरांतून.

ताता गेले, माग विकला गेला, गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. गोष्ट मात्र माझ्याकडे आहे आणि ती पुढे देणं माझं काम आहे. सोलापूरला गेलात तर मुलांना चार पुतळ्यांपाशी घेऊन जा. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा ते त्यांना नंतर कळेलच. आधी चारही नावं एका दमात म्हणायला शिकवा.