कसोटीचा आंकडा

नाशिकच्या गोदाघाटावर, नदीच्या पात्रांतच, दुतोंड्या मारुतीची मूर्ति उभी आहे. पावसाळ्यांत गंगापूर धरणांतून पाणी सोडलें म्हणजे तें किती क्युसेक सोडलें हें सरकारी खात्याकडून जाहीर होतें. पण सामान्य नाशिककरास त्या आंकड्यानें फारसा बोध होत नाहीं. त्याचा प्रश्न एवढाच असतो कीं, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलें, कमरेला लागलें, कीं गळ्याशीं आलें ? सन २००८, २०१६ व २०१९ च्या मोठ्या पुरांतही घरोघर हीच विचारपूस चालली होती. मूर्ति सर्वांच्या पाहण्यांतली, जागची न हलणारी. म्हणून एका सालच्या पुराची दुसऱ्या सालच्या पुराशीं तुलना तिच्यावरून सहज करतां येते.

जमिनीची उंची मोजणारे मोजणीदारही असेंच करतात. एखाद्या पक्क्या दगडावर आडवी खूण कोरून पुढची सारी मोजणी ते तिच्या आधारानें चालवितात. ह्या खुणेला इंग्रजींत बेंचमार्क म्हणतात, आणि संगणकाचा वेग ठरविणाऱ्या कसोटीलाही पुढें हेंच नांव पडलें. फरक इतकाच कीं, दगडावरची खूण हलविण्यांत कोणाचा लाभ नसतो. संगणकाच्या कसोटीची खूण हलविण्यांत मात्र अनेकांचे हितसंबंध गुंतलेले होते.

बँकेंतली शिल्लक, सातबाराचा उतारा, आगगाडीचें आरक्षण, हें सर्व आतां डेटाबेसमध्यें, म्हणजे शिस्तीनें रचलेल्या नोंदींच्या भांडारांत, असतें. हें भांडार सांभाळणारी प्रणाली एक. तिच्या खालीं लिनक्स, विंडोज किंवा युनिक्स अशी ऑपरेटिंग सिस्टिम. आणि तिच्याही खालीं प्रत्यक्ष यंत्र. तीन मजल्यांची ही इमारत. प्रत्येक मजल्याचा विक्रेता निराळा, आणि आपलाच मजला सर्वांत भक्कम असें प्रत्येकाचें म्हणणें. तेव्हां गिऱ्हाइकानें निवड करावी ती कशावरून ?

ह्या प्रश्नाला पैशांतलें पहिलें ठळक उत्तर सन १९७३ मध्यें मिळालें. अमेरिकेंतल्या एका मोठ्या बँकेला आपल्या १,००० शाखा, १०,००० रोखपाल आणि एक कोटि खातीं संगणकाला जोडावयाचीं होतीं. गर्दीच्या वेळीं सेकंदाला १०० व्यवहार उरकले पाहिजेत, ही तिची अट. दोन विक्रेत्यांचे देकार आले. मोठे संगणक विकणाऱ्यानें अडीच कोटि डॉलर सांगितले. छोटे संगणक विकणाऱ्यानें पन्नास लक्ष. बँकेनें दुसरा देकार पत्करला आणि ती योजना तडीसही गेली. दर सेकंदाच्या एका व्यवहारामागें एकीकडे अडीच लक्ष डॉलर, तर दुसरीकडे अवघे पन्नास हजार ! वेगाला किंमतीनें भागावें, ही व्यापारी अकलेची गोष्ट संगणकाच्या शास्त्रांत शिरली ती ह्या प्रसंगानें.

दहा वर्षांनीं, सन १९८३ मध्यें, विस्कॉन्सिन विद्यापीठांतील डीना बिटन, डेव्हिड डीविट आणि कॅरोलिन टर्बीफिल ह्या तिघांनीं वेगळ्या वाटेनें हाच विषय हातीं घेतला. दहा हजार ओळींचीं कृत्रिम कोष्टकें रचून त्यांनीं निरनिराळ्या डेटाबेसांना तेच ते प्रश्न विचारले आणि कोणाला किती वेळ लागला हें कंपन्यांच्या नांवानिशीं छापलें. विद्वानांना हें सरळ वाटलें, पण बाजाराला झोंबलें. ओरॅकल कंपनीनें आपल्या परवान्यांतच एक कलम घातलें कीं, आमच्या लेखी संमतीवांचून अशा चांचणीचे निकाल कोणीं प्रसिद्ध करूं नयेत. इतर कंपन्यांनींही तिचें अनुकरण केलें. त्या कलमाला आजही ‘डीविट कलम’ म्हणतात. आपल्या नांवाचें असलें स्मारक क्वचितच कोणा प्राध्यापकाच्या वांट्याला आलें असेल.

बँकेच्या त्या कहाणीला नियमांचें रूप दिलें तें जिम ग्रे ह्यांनीं. सन १९८५ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस ‘डेटामेशन’ ह्या मासिकांत त्यांचा एक लेख आला. लेखक म्हणून छापलें होतें ‘अनामिक आणि इतर’. इतर म्हणजे निरनिराळ्या संस्थांतले सुमारें दोन डझन जाणकार. ह्या लेखांतला नमुन्याचा व्यवहार अगदीं साधा होता. रोखपालाकडून एक निरोप येतो. खात्याची शिल्लक बदलते, रोखपालाची व शाखेची बेरीज बदलते, रोजकीर्दींत एक ओळ पडते, आणि रोखपालाला उत्तर जातें. शंभरांतले पंधरा व्यवहार परक्या शाखेच्या खात्यावर असावेत. शेंकडा ९५ व्यवहारांचें उत्तर एका सेकंदाच्या आंत मिळावें. आणि सर्वांत मार्मिक नियम असा कीं, सेकंदाला एक व्यवहार वाढविण्याचा दावा करणाऱ्यानें खातींही त्याच प्रमाणांत, एकेक लक्षानें, वाढवावींत. दहा खात्यांवर लाख व्यवहार करून दाखविण्याची चलाखी त्यामुळें बंद झाली.

निदान व्हावयास हवी होती. प्रत्यक्षांत विक्रेत्यांनीं ह्या कसोटीचा अवघड भाग तेवढा गाळून टाकला. रोखपाल, त्यांचीं यंत्रें आणि मधल्या तारा काढून टाकून नुसता डेटाबेसच पळवावयाचा, आणि येणारा मोठा आंकडा जाहिरातींत छापावयाचा, असा प्रघात पडला. घोडागाडीची शर्यत लावून गाडी घरीं ठेवावी, तसलाच हा प्रकार. प्रत्येकाची कसोटी प्रत्येकाच्या सोयीची झाली.

ह्या बजबजपुरीला आळा घालण्यासाठीं ओमरी सर्लिन ह्यांच्या पुढाकारानें सन १९८८ च्या ऑगस्टमध्यें आठ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनीं टीपीसी ही परिषद स्थापन केली. परिषदेची पहिली कसोटी सन १९८९ मध्यें आली. परंतु खरी मान्यता पावली ती सन १९९२ ची ‘टीपीसी-सी’. हिच्यांत बँक नव्हे तर घाऊक व्यापाऱ्याची पेढी कल्पिली आहे. लासलगांवच्या कांदाव्यापाऱ्यालाही ती चटकन समजेल. अनेक वखारी, प्रत्येक वखारीखालीं दहा विभाग, प्रत्येक विभागांत तीन हजार गिऱ्हाइकें. नवी मागणी नोंदणें, पैसे जमा करणें, मागणीचा तपास, माल पोंचविणें आणि साठा पाहणें, अशीं पांच कामें. मिनिटाला किती नव्या मागण्या नोंदल्या हा वेग, आणि एकंदर खर्चाला त्या संख्येनें भागलें कीं किंमत. यंत्र कोणतेंही असो, ऑपरेटिंग सिस्टिम कोणतीही असो, हे दोन आंकडे आणि सारा तपशील त्रयस्थ तपासनिसाकडून तपासून प्रसिद्ध करावाच लागतो.

त्या वर्षींचा पहिला निकाल मिनिटाला ५४ मागण्या एवढाच होता, आणि दर मागणीमागें खर्च पडला १,८८,५६२ डॉलर. सन २०२० मध्यें ओशनबेस ह्या चिनी डेटाबेसनें मिनिटाला ७० कोटींहून अधिक मागण्या नोंदून दाखविल्या. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून थक्क होण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. टीपीसी-सी मध्यें मागणींतल्या वस्तूंपैकीं शेंकडा एकच परक्या वखारींतून आणावी लागते. त्यामुळें वखारी शेंकडों यंत्रांवर वांटून दिल्या तरी त्यांना एकमेकांशीं फारसें बोलावें लागत नाहीं. ज्या धंद्यांत प्रत्येक वखारीचा प्रत्येक वखारीशीं संबंध येतो, तेथें हा वेग असाच मिळेल असें म्हणतां येत नाहीं.

परिषद झाली म्हणून चलाखी संपली नाहीं. सन १९९३ मध्यें एका बड्या कंपनीवर असा आरोप आला कीं, तिनें आपल्या डेटाबेसमध्यें केवळ कसोटी जिंकण्यापुरती एक खास सोय घातली आहे. कंपनीनें तो साफ नाकारला. वादाचें फळ एवढें झालें कीं, खऱ्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नसलेली आणि कसोटीपुरतीच बनविलेली युक्ति वापरण्यास परिषदेनें त्याच वर्षीं बंदी केली.

ह्या सर्वांहून सूक्ष्म अशी एक फसगत आहे, आणि ती कोणाच्या लबाडीवांचूनही घडते. ‘पैसे जमा झाले’ असें डेटाबेस सांगतो, तेव्हां ती नोंद तबकडीवर खरोखर उमटली पाहिजे. कारण पुढच्याच क्षणीं वीज जाऊं शकते, आणि लोडशेडिंगचे दिवस पाहिलेल्यांना हें निराळें सांगावयास नको. आतां जुन्या पद्धतीची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एकाच माणसानें एकामागून एक व्यवहार पक्के करावयाचे तर प्रत्येकाला साधारण एक फेरा लागणार. सेकंदाला १२० च्या फार पुढें जातां येणार नाहीं. अनेकांचे व्यवहार एकाच फेऱ्यांत मिळून लिहितां येतात, ती गोष्ट वेगळी. म्हणून एकट्या माणसाला साध्या तबकडीवर सेकंदाला हजारों व्यवहार पक्के झालेले दिसले, तर तबकडी वेगवान आहे असें न समजतां ती खोटें बोलत आहे असेंच समजावें. नोंद तिनें आपल्या तात्पुरत्या स्मरणांत ठेवलेली असते आणि ‘लिहिलें’ म्हणून कळविलेलें असतें.

येथेंच ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंध येतो. ‘हें कायम कर’ ही एकच आज्ञा सर्वत्र सारखी पाळली जात नाहीं. ॲपलच्या मॅकवर ही नेहमीची आज्ञा नोंद तबकडीच्या दारापर्यंत पोंचविते. तबकडीचें स्मरण रितें करून घ्यावयाचें तर त्यासाठीं निराळी, अधिक कडक आज्ञा द्यावी लागते, आणि हें ॲपलच्याच माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेलें आहे. तेव्हां तोच डेटाबेस दोन ऑपरेटिंग सिस्टिमांवर चालवून एक दुसरीच्या दसपट निघाली, तर ती दसपट कार्यक्षम कीं दसपट बेफिकीर, हें आधीं तपासावें. टीपीसीच्या नियमांत वीज तोडून पाहण्याची परीक्षा आहे ती ह्याच कारणासाठीं. पक्क्या झालेल्या एकाही व्यवहाराची नोंद हरवली तर वेगाचा आंकडा बाद होतो.

कसोटी कामाच्या जातीची हवी, ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. पुण्यांत टाटा समूहानें उभारलेला ‘एका’ हा महासंगणक सन २००७ च्या नोव्हेंबरांत जगांत चौथा आणि आशियांत पहिला ठरला. ही योग्यता खरीच. परंतु ती लिनपॅक ह्या कसोटीवरची, म्हणजे समीकरणांचा प्रचंड संच सोडविण्याची होती. बँकेचें खातें त्या कसोटीवर घांसून पाहतां येत नाहीं, आणि टीपीसी-सी वर घांसून हवामानाचें गणित कळत नाहीं.

नाशिक विभागापुरतें बोलावयाचें तर, ह्या विषयाचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष प्रयोग नंदुरबार जिल्ह्यांतल्या टेंभली ह्या गांवापासून सुरू झाला. तारीख २९ सप्टेंबर १९१० नव्हे, २०१०. शंभर वर्षांपूर्वीं जनगणनेचे कागद बैलगाडींतून जात, आणि ह्या दिवशीं देशांतले पहिले आधार क्रमांक येथील आदिवासी रहिवाशांना देण्यांत आले. येणारा प्रत्येक नवा माणूस पूर्वींच्या सर्व नोंदींशीं ताडून पाहावयाचा, हें आधारचें मूळ काम. भांडारांत ८ कोटि ४० लक्ष माणसें आणि दिवसाला दहा लक्ष नवीं, असें धरलें तरी एका दिवसाच्या तुलना ८४ लक्ष कोटि होतात. प्राधिकरणानें ह्या कामासाठीं एकच विक्रेता न नेमतां तीन पुरवठादारांच्या प्रणाली शेजारीं शेजारीं चालविल्या आणि ज्याची कामगिरी सरस त्याला कामाचा अधिक वांटा, असा नियम ठेवला. कसोटी एकदां लावून संपली नाहीं. ती रोजच्या कामांतच बसविली गेली.

तिचा आंकडा सन २०१२ च्या अहवालांत आला आहे. भांडार ८ कोटि ४० लक्षांचें असतां खरोखर नवा असलेला माणूस चुकून जुना ठरण्याचें प्रमाण शेंकडा ०.०५७, म्हणजे लाखांत ५७ होतें. लाखांत ५७ ही संख्या लहान दिसते. पण दिवसाला दहा लक्ष नोंदी आल्या तर रोज ५७० माणसांना यंत्र सांगणार कीं, तुम्ही पूर्वींच येऊन गेलां आहांत. आणि त्यांची कागदपत्रें पुन्हां माणसानेंच डोळ्यांनीं तपासावयाचीं.