मक्याचा गुलगुला, गुळाचा पाक



आषाढ लागला की आपल्या बारामती-इंदापूरच्या गावांत बायका एकमेकींना विचारतात, "आखाड तळला का?" घरोघरी गुळाच्या कापण्या होतात, तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, गुलगुले होतात. देवीला नैवेद्य जातो, शेजारी वाटी जाते, लेकीकडे डबा जातो. याच दिवसांत तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेनं पंढरीला जाते. वारकऱ्यांची सेवाही घडते आणि बचत गटांना चार पैसे मिळवायची संधीही असते.

यंदा आम्ही गटांपुढे एक पदार्थ ठेवला आहे. मक्याच्या पिठाचे एका घासाचे गुलगुले, वरून गुळाचा पाक चढवलेले. पदार्थ अवघड नाही. पण मक्याचं नाव काढलं की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "मका? तो तर आपण गाईला घालतो!" या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे, आणि आज तोच सांगायचा आहे. मका हलकं धान्य नाही. तो आपल्यापर्यंत आला, पण तो कसा रांधायचा हे ठाऊक असणाऱ्या बायकांचं ज्ञान त्याच्यासोबत आलं नाही. खरी गोष्ट ही आहे.

मक्याचं माहेर मेक्सिको. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून निवड करत करत हे पीक घडवलं. तिथल्या बायकांनी शोधलेली एक रीत फार मोलाची आहे. मक्याचे दाणे त्या चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग वाटून भाकरी करतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं आणि पीठ चांगलं मळलं जातं. शिवाय मक्यात अडकून बसलेलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व मोकळं होतं आणि अंगी लागतं. त्या बायकांना जीवनसत्त्वाचं नाव माहीत नव्हतं, पण रीत पक्की होती आणि ती आईकडून लेकीकडे जात होती.

१४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला आणि त्यानंतर मका जगभर फिरला. इटलीत त्याला 'तुर्की धान्य' म्हणू लागले. म्हणजे हे धान्य नक्की कुठलं, हेसुद्धा लोकांना धड माहीत नव्हतं. व्यापाऱ्यांनी बियाणं नेलं. चुन्याची रीत कुणी नेली नाही, कारण स्वयंपाकघरात जाऊन बायकांना विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. याची किंमत गरिबांनी मोजली. इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात जे लोक जवळजवळ फक्त मक्यावर जगत होते, त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा, शेवटी माणूस दगावायचा. अमेरिकेत १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी यावर काम केलं आणि हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे दाखवून दिलं. तिथे मरणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. घरात दूध-मांस थोडंफार आलं तर ते आधी कमावत्या माणसाला, मग लेकरांना. बाईच्या वाट्याला मक्याची कोरडी भाकरी. मैत्रिणींनो, हे ऐकून आपल्याला परक्या देशाची गोष्ट वाटते का?

त्याच दक्षिण अमेरिकी राज्यांत मक्याचा तळलेला गोळा लोकप्रिय झाला. साउथ कॅरोलायना राज्यात एडिस्टो नदीकाठी रोमिओ गोवन नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. जन्म गुलामगिरीतला. १९०० च्या आसपास ते माशांच्या मोठमोठ्या पंगती घालायचे. मासे तळून झाले की त्याच कढईत मक्याच्या पिठाचे गोळे सोडायचे. नदीत मिळणाऱ्या 'रेड हॉर्स' माशावरून त्याला 'रेड हॉर्स ब्रेड' म्हणत. पुढे अशा गोळ्यांना 'हशपपी' हे नाव पडलं, म्हणजे 'गप रे कुत्र्या'. भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे हे गोळे टाकत, म्हणून हे नाव, अशी गोष्ट लोक रंगवून सांगतात. गोवन यांचं नाव त्या काळच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, म्हणून ते आज आपल्याला सांगता येतं. त्यांच्याआधी मालकांच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे राबलेल्या असंख्य गुलाम बायकांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. मका भारतात पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे आला, असं इतिहासकार सामान्यपणे मानतात. पण आपला भाग बाजरी-ज्वारीचा. खरिपाला बाजरी, रब्बीला ज्वारी आणि पाऊस आला तर आला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानं दख्खनची दैना केली. त्यानंतर १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला आणि भाटघर धरणाचं पाणी बारामती-इंदापूरकडे आलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं आली. बारामतीची पेठ गुळासाठी ओळखली जाऊ लागली. १९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरचे सहकारी कारखाने आले. म्हणजे गुलगुल्यावर जो पाक आपण चढवणार आहोत, तोसुद्धा दुष्काळानंतर खोदलेल्या कालव्याची देणगी आहे.

पण कालवा सगळ्यांच्या शिवारात गेला नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला जिरायती गावं कोरडीच राहिली. १९६० च्या दशकाच्या शेवटी 'कासा' या संस्थेच्या मदतीनं बारामतीच्या जिरायती भागात कामाच्या मोबदल्यात धान्य आणि तेल देऊन पाझर तलाव खोदले गेले. त्याच कामाच्या ओघात १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. मग आला १९७२ चा दुष्काळ. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. खडी फोडली, बंडिंगची माती वाहिली, लेकरं झोळीत टांगून काम केलं. त्याच अनुभवातून पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला.

त्या काळातल्या आज्यांना विचारा, त्या 'मिलो'चं नाव घेतील. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी लाल व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी मिळायची. साधारण त्याच वर्षांत अमेरिकेच्या मदतीतून मका, सोयाबीन आणि दूध पावडर एकत्र केलेलं पीठही देशातल्या शाळांत, बालवाड्यांत वाटलं जात होतं. त्या धान्यानं जीव वाचले, हे विसरून चालणार नाही. पण ते रांगेत उभं राहून, हात पसरून घ्यावं लागलं. आपल्या शेतातलं नव्हतं, आपल्या हातची रीत नव्हती. म्हणून बाहेरच्या धान्याला 'दुष्काळातलं खाणं' हा शिक्का बसला आणि मक्याच्या पिठाकडेही आपण त्याच नजरेनं पाहू लागलो.

दुसरीकडे शेतात मका वाढत गेला. १९५७ मध्ये देशात मका सुधारण्यासाठी समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि १९६१ मध्ये पहिले संकरित वाण आले. आपल्याकडे दुधाचा धंदा वाढला, कोंबड्यांचे फार्म आले, मुरघास आला. आज मका पेरते बाई, खुरपते बाई, कापते बाई. पण तो जातो गव्हाणीत, पोल्ट्रीत आणि कारखान्यात. ताटात येतो तो फक्त भाजलेल्या कणसापुरता.

इथे आणखी एका बाईचं नाव सांगायलाच हवं. मेक्सिकोच्या डॉ. इव्हांजेलिना विलेगास. मक्यातल्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे दोन घटक कमी पडतात. ते जास्त असलेला मका आधी सापडला होता, पण त्याचा दाणा मऊ आणि उतारा कमी, म्हणून शेतकरी तो घेईनात. आपल्या पंजाबचे डॉ. सुरिंदर वासल यांनी वाणाची पैदास केली, डॉ. विलेगास यांनी प्रयोगशाळेत हजारो नमुने तपासले आणि दोघांनी मिळून टणक दाण्याचा, चांगल्या प्रथिनांचा मका तयार केला. २००० साली दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या डॉ. विलेगास पहिल्या महिला. अशा मक्याचे एचक्यूपीएम-१ सारखे वाण आपल्या देशातही निघाले आहेत. म्हणजे मेक्सिकोच्या बायकांनी चुन्याच्या पाण्यात सुरू केलेलं काम एका मेक्सिकन बाईनंच पुढे नेलं.

आता कढईकडे वळू. तळण आपल्याकडे रोजचं नव्हतं. तेल महाग, म्हणून तळणाला सण लागायचा. आखाडाचं महत्त्व त्यातूनच. आणि पाक चढवायचं कसब आपल्या जत्रेत आहे. गोडी शेव आठवा. तळलेल्या शेवेवर गुळाचा किंवा साखरेचा पाक घोळवायचा, की तो बाहेरून कोरडा होतो आणि हाताला फारसा चिकटत नाही. आपण तीच रीत मक्याच्या गुलगुल्याला लावायची.

दोन वाट्या मक्याचं बारीक पीठ, एक वाटी कणीक, अर्धी वाटी दही, चिमूट मीठ, चिमूट सोडा. दुकानात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळतं ते घेऊ नका, ती पांढरी खळ असते. दाणे गिरणीत दळून आणा. मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कणीक हवी. आधी मक्याचं पीठ गरम पाण्यात कालवून पंधरा मिनिटं झाका, म्हणजे ते फुगतं आणि कचकच लागत नाही. मग बाकीचं घालून सैलसर पण हाताला सुटेल असं भिजवा. गोळा बोराएवढाच ठेवा. मका जड असतो. मोठा गोळा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. आच मध्यम.

पाकाला दीड वाटी गूळ, पाव वाटी पाणी, थोडं सुंठ-वेलदोडा. पाक दोनतारी झाला की आच बंद करून कोमट झालेले गुलगुले त्यात घोळवा, वरून भाजलेले तीळ टाका आणि ताटात सुटे सुटे पसरा. पाक पातळ राहिला तर गुलगुले भिजून मऊ पडतात, म्हणून तार बघायला कंटाळू नका. पूर्ण गार झाल्याशिवाय पुडीत भरू नका, घाम सुटून ते चिकटतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा खाऊ आहे, जेवण नाही. मका रोजच्या जेवणात आणायचा असेल तर त्याच्यासोबत डाळ, शेंगदाणे, दूध हवंच. फक्त मक्यावर जगणाऱ्यांचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत.

शेवटी गटांना दोन कामं सांगतो. पहिलं, गटाच्या वहीत पैशाच्या हिशोबाशेजारी रीतींची पानं सुरू करा. कापण्या कुणाच्या हातच्या खुसखुशीत होतात, पाकाची तार कोण अचूक ओळखते, ते तिच्या नावासकट लिहा. लिहिता येत नसेल तिनं सांगावं, दुसरीनं लिहावं. रोमिओ गोवन यांचं नाव कागदावर आलं म्हणून राहिलं; आपल्या आज्यांचं नाव वहीत राहू द्या. विक्रीचा भाव ठरवताना पीठ, गूळ, तेल, सरपण यांच्यासोबत तळणारीची मजुरीही धरा.

आणि दुसरं. घाणा उतरला की विक्रीची पुडी बांधायच्या आधी जिनं तळलं तिच्या हातावर दोन गुलगुले ठेवा. तिनं ते उभ्या उभ्या नाही, बसून खावेत.