जुना साचा, नवा रंग

परवा शनिवारी पेणहून रोह्याला जाताना गाडीत 'डे ऑफ द टेंटॅकल' खेळत होतो. मूळ गेम लुकासआर्ट्सचा, १९९३ चा. २०१६ मध्ये तो नव्या चित्रांसह आला, त्याच वर्षी लिनक्सवरही. माझ्या हातात होता स्टीम डेक; तोही आतून लिनक्सच! बटण दाबलं की चित्रं १९९३ ची, पुन्हा दाबलं की २०१६ ची.

पेणच्या माणसाला याचं नवल वाटू नये. गणपतीच्या कारखान्यात साचा तोच, रंगकाम दरवर्षी नवं.

आता गंमत बघा. १९८७ च्या 'मॅनिअ‍ॅक मॅन्शन'साठी रॉन गिल्बर्ट आणि अ‍ॅरिक विल्मंडर यांनी 'स्कम' बनवलं. गोष्ट फायलींमध्ये, ती वाचून चालवणारा प्रोग्राम वेगळा. मशीन बदललं की हा प्रोग्राम तेवढा नवा लिहायचा. सोय केली होती स्वतःचे कष्ट वाचवायला. पण त्यामुळेच २००१ मध्ये 'स्कमव्हीएम' हा मुक्त प्रोग्राम निघाला आणि त्याच जुन्या फायली लिनक्सवर, पुढे मोबाइलवरही चालू लागल्या. २०१३ मध्ये डिस्नेने लुकासआर्ट्सचं गेम बनवणं थांबवलं, तरी खेळ अडला नाही.

नवा रंग कंपनी देईल तेव्हा मिळणार. साचा मात्र आपल्याकडे हवा. कोकणातल्या दमट हवेत माझ्या जुन्या सीडीला बुरशी लागली. फायली आधीच उतरवून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. तुमच्या कपाटातल्या सीडी आजच कॉपी करा मंडळी.

असो. रोहा आलं, उतरतो!