जास्तीच्या दुधाची गोष्ट

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एकतीस डिसेंबरला गच्चीवर पार्टी असते. पार्टी म्हणजे फार काही नाही. लायटिंगच्या माळा, भाड्याच्या खुर्च्या, एक ब्लूटूथ स्पीकर आणि प्रत्येक घरातून एक पदार्थ. मला कळायला लागल्यापासून आमच्या घरचा पदार्थ ठरलेला आहे : आईचा चिली चीज टोस्ट.

गेल्या वर्षी मी जाहीर केलं की यंदा स्टार्टर मी करणार. "तेच तेच काय, नव्वदच्या दशकातलं," असंही वर बोलून गेलो. ऑनलाइन ब्री चीजची गोल चकती मागवली, वर मध आणि अक्रोड घातले, ओटीजीत ठेवली. घरात तरी एकदम मासिकातल्या फोटोसारखी दिसत होती. ती गच्चीवर नेली, मग गाणी लावा, फोटो काढा, उशिरा येणाऱ्यांची वाट बघा, यात वीस मिनिटं गेली. डिसेंबरच्या वाऱ्यात चीज परत घट्ट झालं. शेजारच्या काकूंनी वरची पांढरी साल चमच्याने बाजूला सारत विचारलं, "अरे, बुरशी आलीय का याला?" खरं तर त्या बरोबर होत्या. ब्रीची साल बुरशीचीच असते. आजीने वास घेतला आणि एकच शब्द उच्चारला : "नासलंय."

तेवढ्यात आई खाली गेली आणि थोड्या वेळाने टोस्टचा ट्रे घेऊन आली. ब्रेड आणि चीज तिने आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं, मला न सांगता. ट्रे पाच मिनिटांत रिकामा झाला. ती मला काही म्हणाली नाही, आणि तेच जास्त लागलं.

आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की नंतर पोस्टमॉर्टेम लिहावं लागतं. कोणाला दोष द्यायचा नसतो, मूळ कारण शोधायचं असतं. मी सुरुवात आजीच्या शब्दापासून केली.

नासणे

मराठी स्वयंपाकघरात दुधाचा रस्ता ठरलेला असतो. दूध तापवायचं, साय काढायची, विरजण लावायचं, ताक घुसळायचं, लोणी काढायचं, कढवून तूप करायचं. गाय-म्हैस व्यायली की चिकाचा खरवस. या सगळ्यात दूध फाटलं तर तो अपघात, आणि त्याचं क्रियापद 'नासणे'. जगातलं जवळजवळ सगळं चीज याच अपघातापासून सुरू होतं, पण आपल्या भाषेने त्यावर आधीच निकाल देऊन ठेवलाय.

पण दख्खनला मुद्दाम दूध फाडणं ठाऊकच नव्हतं, असं नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. (हे कल्याण म्हणजे आपलं जंक्शन नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण.) त्यात 'क्षीरप्रकार' नावाची कृती आहे. तापवलेलं दूध आंबट ताक घालून फाडायचं, फडक्यातून गाळायचं, त्यात तांदळाचं पीठ मळायचं, गोळे तुपात तळायचे आणि पाकात सोडायचे. म्हणजे फाटलेल्या दुधाचा गरमागरम पदार्थ इकडे नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या पानात होता. फक्त तो ताजा होता. साठवून, पिकवून खाण्याचं चीज ते नव्हे.

मग चीज आपल्याकडे का झालं नाही? मला पटलेलं उत्तर असं : चीज हा मुळात चवीसाठी काढलेला पदार्थ नाही. ज्या दिवसांत दूध जास्त होतं त्या दिवसांतलं दूध, ज्या दिवसांत ते नसतं त्या दिवसांपर्यंत पोचवण्याची ती युक्ती आहे. चेडरसारखं चीज पिकवायला महिनोन्महिने साधारण ८ ते १३ अंश तापमान लागतं. थंड देशांत ते तळघरात फुकट मिळतं. ठाण्याच्या मे महिन्यात ते कुठून आणणार? आपल्या उन्हात टिकेल अशी युक्ती आपण वेगळी शोधली : दुधातलं पाणी आणि प्रथिनं काढून टाकायची, फक्त स्निग्धांश ठेवायचा. तूप. एका अर्थी साजूक तुपाची बरणी हेच आपलं तळघर.

पाव आला, चीज राहिलं

चीज खाणारे लोक आपल्या दाराशी येऊन राहिले होते, हेही विसरायला नको. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत, दोनशे वर्षं हा पट्टा त्यांच्या ताब्यात होता. त्यांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, काजू दिला. 'चावी' आणि 'पगार' हे शब्दसुद्धा त्यांचेच. पण चीजला पोर्तुगीजमध्ये जो 'केइजो' शब्द आहे, तो मराठीत रुळला नाही. पदार्थ हवेत टिकला नसेल तर शब्द कसा टिकणार? आज आपण म्हणतो ते 'चीज' इंग्रजांचं.

पश्चिम किनाऱ्यावर एक अपवाद आहे, पारशांचं टोपली पनीर. सुरतेच्या बाजूचं. वेताच्या छोट्या टोपल्यांत लावलेलं, खारवलेल्या निवळीत ठेवलेलं, इतकं मऊ की चमच्याने उचलावं. पण तेही दोन-चार दिवसांचं पाहुणं.

साहेबाच्या जेवणात चीज टोस्ट असे, पण शेवटी. गोड झाल्यानंतर एक खारट, चटकदार घास खायची व्हिक्टोरियन पद्धत होती. त्याला 'सेव्हरी' म्हणत. हा घास हळूहळू जेवणाच्या शेवटाकडून पेयाच्या सोबतीला सरकला आणि त्यात हिरवी मिरची पडली. मुंबईच्या विलिंग्डन क्लबात टोस्टवर चीज, मिरची आणि वर अंडं, अशी एक डिश देवीप्रसाद केजरीवाल या सदस्याच्या नावाने आजही ओळखली जाते. मात्र हे सगळं क्लबाच्या कुंपणाआत. तिथून ते डोंबिवलीच्या गच्चीपर्यंत आलं कसं, हे समजायला आधी स्वित्झर्लंडला जावं लागतं.

वितळणाऱ्या चीजचं गणित

नुसतं पिकलेलं चीज जोरात तापवलं की तूप वेगळं सुटतं आणि प्रथिनांचा रबरासारखा गोळा होतो. कारण असं की चीजमधली केसीन नावाची प्रथिनं एकमेकांना कॅल्शियमने बांधलेली असतात. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज वितळवताना त्यात सोडियम सायट्रेट घातलं. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, केसीन मोकळं होतं आणि तूप-पाणी दोघांना धरून ठेवतं. चीज एकसंध, गुळगुळीत राहतं आणि गार झाल्यावर जास्त दिवस टिकतं. हे प्रोसेस्ड चीज. ज्याला पिकवायला तळघर लागत होतं, ते आता डब्यात बंद होऊन उष्ण देशांत जाऊ शकत होतं.

त्याच देशातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. मधोमध गरम चीजचं भांडं आणि भोवती बसून पावाचे तुकडे बुडवणारे लोक, म्हणजे फॉन्ड्यू, हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय पदार्थ समजला जातो. पण डोंगराळ भागातल्या या पदार्थाला सगळ्या देशाचा पदार्थ बनवलं ते १९३०च्या दशकात, 'स्विस चीज युनियन' नावाच्या संस्थेने. चीज खपवायचं होतं, म्हणून जाहिरात केली. चार लोकांनी एकत्र बसून चीज खाण्याची ती देखणी रीत आधी जास्तीच्या मालावरचा उपाय होती.

हिवाळ्यातली म्हैस

आता आणंद. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ नोंदला गेला. पुढे त्याचंच 'अमूल' झालं. इथलं दूध चारशेहून अधिक किलोमीटर रेल्वेने मुंबईला, 'बॉम्बे मिल्क स्कीम'ला जायचं. अडचण हिवाळ्यात यायची. म्हैस उन्हाळ्यात देते त्याच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त दूध थंडीत देते. मुंबईची योजना ते सगळं घ्यायला तयार नसे. म्हशीला तर सुट्टी देता येत नाही. रोज दोन वेळा दूध निघणारच, आणि विकलं गेलं नाही तर नुकसान शेतकऱ्याचं.

म्हणून संघाला स्वतःचा कारखाना हवा होता, जिथे जास्तीच्या दुधाचं लोणी आणि पावडर होईल. म्हशीच्या दुधाची पावडर होऊ शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञांचं मत होतं. एच. एम. दलाया या अभियंत्याने ती करून दाखवली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना सुरू झाला. वर्गीज कुरियन यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला दलाया ठाऊक नव्हते. चार वर्षं इंजिनिअरिंग करून हे नाव कधी कानावर आलं नव्हतं, याची जरा लाज वाटली.

चीज त्यानंतरचं, १९६०च्या आसपासचं. तिथेही म्हैस आडवी आली. तिच्या दुधात स्निग्धांश जास्त, केसीन जास्त, कॅल्शियमही जास्त. दही पटकन आणि कडक लागतं, चीज कोरडं होतं आणि हळू पिकतं. प्रोसेस्ड चीजमध्ये मात्र हे दोष झाकले जातात. वेगवेगळ्या वयाचं चीज एकत्र वितळवायचं, सायट्रेट-फॉस्फेटसारखे क्षार घालायचे, गुळगुळीत करायचं, डब्यात भरायचं. गेर्बर-स्टेटलरची युक्ती आणि खेड्यातली म्हैस यांची गाठ इथे पडली.

म्हणजे थंडीतल्या जास्तीच्या दुधाला वाट काढताना जे चीज हाती आलं, तेच आपण थंडीतल्या पार्टीत खातो. हा योगायोग असेलही. पण मला तो फार जवळचा वाटला.

फोर्टातून आलेला डबा

हे सगळं मी आजीला सांगत होतो, तेव्हा ती मधेच म्हणाली, "पहिला टोस्ट आईने नाही, मी केला."

आजोबा फोर्टात नोकरीला होते. एकदा ऑफिसच्या ख्रिसमसच्या चहापानात त्यांनी चीज टोस्ट खाल्ला आणि येताना चीजचा एक डबा घेऊन आले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घरात फ्रिज नव्हता. बंद डबा फडताळात राहायचा, त्याला काही होत नव्हतं. पण एकदा उघडला की संपवायलाच हवा. घरात माणसं पाच आणि डबा केवढा! मग आजोबांनी मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांना बोलावलं. आजीने तव्यावर पाव भाजले, वर किसलेलं चीज, तिखट-मीठ, आणि झाकण ठेवून वाफ आणली. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनीच विचारलं, "यंदा डबा आणणार ना?"

मी चाट पडलो. स्विस युनियनने जे जाहिरातीने केलं, ते आमच्या चाळीत फ्रिज नसल्यामुळे झालं होतं.

"आणि तेव्हा तुला ते नासलेलं नाही वाटलं?"

"डब्यातलं होतं ते. त्याला वास कुठे होता?"

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, कारण तो आपल्या लहानपणीचा आहे. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स आणि डॉमिनोज दोघेही भारतात आले. त्याच दशकात बारामतीला मोठ्या डेअरीत चीज बनू लागलं. सँडविचवाल्याच्या गाडीवर चीजचा डोंगर किसला जाऊ लागला. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याने आणखी एक शंका मिटवली. जुन्या पद्धतीत दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरत. आता सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं विकर चालतं, त्यामुळे गच्चीवरचे शाकाहारी लोकही निर्धास्त असतात. आईने आजीच्या टोस्टमध्ये मिरची, सिमला मिरची आणि लसूण आणला. मी ज्याला 'नव्वदच्या दशकातलं' म्हणालो, ते हे होतं.

यंदाचं

पोस्टमॉर्टेमच्या शेवटी दुरुस्ती लिहावी लागते. मूळ कारण : मी चुकीच्या हवेत चुकीचं चीज नेलं, आणि ते गरम कसं राहील याचा विचारच केला नाही. दुरुस्ती आईबरोबर दोनदा करून पाहिली आहे. दहा-बारा माणसांना पुरते.

एक चमचा लोण्यात लसणाच्या चार पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून परता. लसूण लाल होऊ देऊ नका. अर्धा कप दूध घाला. दुधातून वाफ यायला लागली की आच अगदी मंद करा आणि १५० ग्रॅम किसलेलं चेडर मूठमूठ घालत ढवळा. त्यातच साध्या प्रोसेस्ड चीजचे दोन क्यूब, म्हणजे ५० ग्रॅम, किसून घाला. हे विसरू नका. त्यातले क्षार चेडरलाही सांभाळून घेतात, तूप सुटत नाही. चेडर नसेल तर आठही क्यूब घातले तरी चालतं, चव फक्त सौम्य होते. उकळी येऊ देऊ नका. घट्ट वाटलं तर चमचाभर दूध. शेवटी मिरपूड. मीठ आधी चाखून मगच.

लादीपावाचे चौकोनी तुकडे तव्यावर कुरकुरीत भाजा. चीज जाड बुडाच्या छोट्या कढईत ओता, कढई तिवईवर ठेवा आणि खाली दिवाळीतून उरलेल्या मेणाच्या दोन पणत्या लावा. गच्चीवरच्या वाऱ्याला एवढं पुरतं. आम्ही बाल्कनीचं दार उघडं टाकून बघितलं, पाऊण तास चीज वाहतं राहिलं.

दुसऱ्या वेळी आजीने पावाचा तुकडा बुडवला, खाल्ला, आणखी एक घेतला. नासलंय म्हणाली नाही. आईने चव बघून मिरची आणखी एक घाल म्हणून सांगितलं.

"आणि टोस्ट?" मी विचारलं.

"तेही करू," ती म्हणाली. "तुझं नाही जमलं तर?"

ब्रेड या वेळी मी आणणार आहे.