लेखणीचं घर



आजचा विषय मुठीत मावेल एवढा आहे. शाईचं पेन घराबाहेर नेताना ते कशात ठेवायचं? दुकानात चामड्याची पाकिटं असतात, रेक्झिनच्या पिशव्या असतात, कापडाच्या गुंडाळ्या असतात, पत्र्याच्या पेट्या असतात. त्यातलं चांगलं कोणतं, हे मी शेवटी सांगणारच आहे. पण त्याआधी तुम्हाला जरा मागे नेते. कारण निब मोडू नये, शाई सांडू नये आणि लागेल तेव्हा लेखणी हाताशी असावी, ही काळजी माणसाला हजारो वर्षांपासून आहे. माणसांनी त्यावर काय काय उपाय काढले, हे कळलं की दुकानात फसायला होत नाही. आणि या गोष्टीत एक दुसरी गोष्टही लपलेली आहे. लेखणीचं घर आजवर कुणाच्या अंगाच्या मापानं बनत आलं, ही ती गोष्ट.

सुरुवात इजिप्तपासून करू या. तिथले लेखनिक लव्हाळ्याच्या काडीनं लिहीत. त्यांच्याकडे एक लांबट लाकडी पट्टी असे. पट्टीत काड्या ठेवायला खाच आणि वरच्या बाजूला दोन खळगे, एक काळ्या रंगासाठी, दुसरा तांबड्यासाठी. सक्कारा इथल्या हेसी-रा नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडावर कोरलेली त्याची चित्रं सापडली. त्यात हे सगळं सामान त्याच्या खांद्यावर आहे. ही चित्रं साडेचार हजार वर्षांहून जुनी आहेत. त्यांच्या चित्रलिपीत ‘लेखनिक’ या शब्दाचं चिन्हच मुळी हे सामान आहे: पट्टी, रंगाची पिशवी आणि लेखणीची नळी, दोरीनं एकत्र बांधलेली. 1922 साली तुतनखामेन राजाचं थडगं उघडलं, तेव्हा त्यातही लेखणी ठेवायची नळी मिळाली. खजुराच्या झाडासारखा शेंडा असलेल्या खांबाच्या आकाराची, सोन्यानं मढवलेली.

आता जपान. तिथे कुंचल्यानं लिहीत आणि ओली शाई सोबत नेणं अवघड. त्यावर त्यांनी ‘याताते’ नावाची वस्तू काढली. एक नळी, तिच्या टोकाला झाकणाची छोटी डबी. दिसायला आपल्या पळीसारखी. डबीत कापसासारखा बोळा असे आणि शाई त्या बोळ्यात मुरवलेली. त्यामुळे वस्तू आडवी झाली तरी शाई सांडायची नाही. नळीत कुंचला ठेवायचा आणि सगळं कमरेच्या पट्ट्यात खोचून चालू पडायचं. व्यापारी आणि प्रवासी ती वापरत.

इराणमध्ये हीच अक्कल वेगळ्या रूपात दिसते. तिथल्या दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा घालत, म्हणजे बोरू शाई बेतानं उचलतो आणि दौत हिंदकळत नाही. ही दौत, बोरू, तो तासायचा चाकू, असं सगळं एका लांबट पेटीत राहायचं. तिचं नाव कलमदान. कागदाच्या लगद्याची, वर फुलापानांची नक्षी आणि चकचकीत रोगण केलेली, आतून ड्रॉवरसारखी सरकणारी अशी कलमदानं तिथे फार सुंदर बनत. काश्मीरमधल्या कागदी लगद्याच्या कामाला पूर्वी ‘कार-ए-कलमदानी’ म्हणत. आज त्या कामाचे डबे आणि शोभेच्या वस्तू आपण प्रदर्शनात बघतो, पण त्या कसबाचं नाव पडलं ते लेखणीच्या पेटीवरून.

मुघल दरबारात तर कलमदान हे वजीरपदाची खूण म्हणून दिलं जाई. तलवार सेनापतीची, तसं कलमदान कारभाऱ्याचं. आपल्याकडे मराठेशाहीतही कारकुनाची ओळख दौत-लेखणीवरून व्हायची. चिटणीस, फडणीस ही पदं तर अजून आपल्या आडनावांत टिकून आहेत. बोरू कानावर खोचलेला, शेजारी दौत, शाई वाळवायला वाळूची डबी. हातात तलवार न घेता नुसत्या कागदावर पराक्रम करणाऱ्याला ‘बोरूबहाद्दर’ म्हणून आपण चिडवतो, तो शब्द तिथूनच आला.

आता जरा थांबून बघा. लेखनिकाचा खांदा, प्रवाशाचा कमरपट्टा, कारकुनाचा कान. यातली जवळजवळ सगळी माणसं पुरुष आहेत. मग बाईच्या हातात लेखणी आपल्या इतिहासात कुठे दिसते? मराठी माणसाला तोंडपाठ असलेली गोष्ट म्हणजे ‘ध चा मा’. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना धरण्याच्या हुकुमात आनंदीबाईंनी एक अक्षर बदललं आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, अशी ही आख्यायिका आहे. खून घडला हे खरं. अक्षर बदलल्याची गोष्ट मात्र दंतकथेच्या पुढे जात नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या ती सांगितली गेली, म्हण होऊन बसली. लिहिता येणारी बाई म्हणजे काहीतरी घोटाळा करणार, ही भीती त्या एका म्हणीत मावली. 1848 साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा विरोध झाला तो या भीतीपोटीही होता. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा त्या किती मोठी गोष्ट करत होत्या, हे यावरून समजतं.

जवळपास त्याच सुमाराला तिकडे अमेरिकेत लेखणी बदलत होती. 1884 साली लुईस वॉटरमन यांनी आपल्या शाईच्या पेनाचं पेटंट घेतलं. शाई पेनाच्या पोटातच, दौतीची गरज संपली. पण नवी अडचण आली. पेन खिशात ठेवलं की अंगाच्या उबेनं त्यातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. टोपण काढलं की बोटं निळी. 1894 साली जॉर्ज पार्कर यांनी निबेखालच्या जिभेचं मागचं टोक वाकवून पेनाच्या भिंतीला टेकवलं. पेन उभं असलं की जिभेत उरलेली शाई त्या वाटेनं परत पोटात उतरायची. काही कंपन्यांनी ‘सेफ्टी’ पेनं काढली. त्यात निब फिरवून आत ओढायची आणि वर आटे असलेलं टोपण बुचासारखं घट्ट बसवायचं. पण बाकीच्या पेनांना एक अट होती: पेन उभं राहिलं पाहिजे. म्हणून 1905 साली वॉटरमन कंपनीनं टोपणालाच क्लिप जोडून विकायला सुरुवात केली. क्लिप खिशाच्या काठाला अडकवली की पेन सरळ उभं आणि निब वर.

उपाय नामी होता, पण तो कोटाला आणि सदऱ्याला खिसा असणाऱ्यांसाठी. तिकडच्या बायकांच्या कपड्यांनाही असा खिसा नव्हता. मग 1910 ते 1930 च्या काळात त्यांच्यासाठी वेगळी पेनं निघाली. आखूड, बारीक, टोपणाच्या शेंड्याला एक कडी. कडीतून फीत किंवा साखळी ओवायची आणि पेन गळ्यात लटकवायचं. टोपण आट्यांचं, म्हणजे पेन खाली निसटायचं नाही, आणि लटकताना निब आपोआप वरच राहायची. मला या कडीचं फार कौतुक वाटतं. खिसा नाही म्हणून पेन नाही, असं न म्हणता कुणीतरी पेनच बदललं.

आपल्याकडे त्या काळात शाईलाही स्वदेशीचं वारं लागलं. आंध्रातल्या राजमहेंद्री गावात रत्नम यांनी देशी पेन बनवलं आणि 1935 साली गांधीजींनी ते वापरून त्यांना पत्र लिहिलं. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. पुढे तीच कंपनी कॅमलिन म्हणून घराघरांत पोचली. पेन आलं, शाई आली, पण साडी-चोळीला खिसा काही आला नाही. आपण पेन वहीत खुपसलं, अंबाड्यात खोचलं, नाहीतर पिशवीत किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर टाकलं.

आणि तरीही उत्तर आपल्या घरातच होतं. आजीची चंची आठवा. लांबट कापड, आत शिवलेले कप्पे, एकात पान, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी. घडी घालायची, दोरी गुंडाळायची आणि कमरेला खोचायची. आज दुकानात ‘पेन रोल’ म्हणून जी कापडी गुंडाळी महाग विकतात, ती म्हणजे आपली चंचीच आहे. फक्त पानाच्या जागी पेन.

तर आता निवड कशी करायची ते सांगते. इतिहासानं शिकवलेलं पहिलं सूत्र: पेन उभं, निब वर. आडव्या पेटीत पेन ठेवून एसटीत हादरे खाल्ले तर टोपणात शाई जमणारच. प्रवासात पेन पूर्ण भरलेलं असावं, नाहीतर पूर्ण रिकामं. अर्धं भरलेल्या पेनात हवा जास्त, म्हणून गळती जास्त. गाडीच्या तापलेल्या डिकीत तर ते ठेवूच नका.

दुसरं, प्रत्येक पेनाला स्वतंत्र कप्पा. मुलांच्या पत्र्याच्या कंपासपेटीत पेन आणि कर्कटक एकत्र नांदतात, तेव्हा पेनावर ओरखडे येतात. दोन पेनं एका कप्प्यात घातली तर एकाची क्लिप दुसऱ्याला घासते.

तिसरं, अस्तर बघा. खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून तिथे खड्डा पडलेला तुम्ही पाहिला असेल. काही रेक्झिनचं तसंच आहे. त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू प्लॅस्टिकच्या पेनात उतरतं आणि पेन चिकट होतं. आतून सुती मऊ कापड सगळ्यात चांगलं. चामडं टिकाऊ खरं, पण कोकणातल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.

शिवणाऱ्या मैत्रिणींसाठी माप सांगते. पेनाला दोरा गुंडाळून घेर मोजा. त्याचं निम्मं करा आणि त्यात पाऊण ते एक सेंटीमीटर मिळवा. ती कप्प्याची रुंदी. 14 मिलिमीटर जाडीच्या पेनाला ती साधारण 3 सेंटीमीटर येते. कप्पा 10-11 सेंटीमीटर खोल ठेवा, म्हणजे टोपणाचं टोक बाहेर राहून पेन पटकन काढता येईल. वरून 5-6 सेंटीमीटरची झडप घ्या, म्हणजे गुंडाळी उलटी झाली तरी पेन निसटणार नाही. रंगीत कापड आधी धुऊन घ्या. नाहीतर शाई गळली की कापडाचाही रंग सुटतो. जुन्या सुती साडीचं अस्तर फार छान लागतं.

शेवटी एवढी उठाठेव कशासाठी, तेही सांगते. 1992 साली नाबार्डनं बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली. त्यानंतर गावोगावच्या बायकांसमोर रजिस्टर आलं, ठरावाचं पान आलं, कर्जाचा कागद आला. आपल्या पंचसूत्रीतही लेखे नीट लिहिणं हे एक सूत्र आहे. अंगठा लावायचा तर शाईचा पॅड दुसऱ्याच्या हातात असतो आणि बोटही बहुतेक वेळा दुसराच धरतो. सही करायला मात्र पेन आपल्या हातात लागतं. सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचायचं, चूक दिसली तर थांबवायचं, हेही त्याच्याबरोबर येतं. मग ते पेन शाईचं असो की साधं बॉलपेन, ते आपलं हवं आणि जागच्या जागी सापडायला हवं.

एक वितभर कापड, दोन कप्पे आणि एक बंद, एवढ्यात काम होतं. या आठवड्यात एक चंची शिवा. पुढच्या बैठकीत रजिस्टर समोर आलं की “कुणाकडे पेन आहे का गं?” असं विचारायची वेळ कुणावर येऊ नये.