‘प्रायमेट’: धर्मपीठ ते प्राणिशास्त्र – एका संज्ञेचा इतिहास

प्रस्तावना : इतिहासलेखनात पदव्यांचे अर्थ गृहीत धरले जातात. ख्रिस्ती धर्मसंस्थेतील उच्च पदव्यांबाबत असे केल्यास प्रतिष्ठा व प्रत्यक्ष अधिकार यांतील भेद पुसला जातो. प्रस्तुत लेखात गोव्याच्या संदर्भात या भेदाचा विचार केला आहे.

पदव्यांचा अर्थ : ‘बिशप’ शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ देखरेख करणारा असा आहे. ‘पॅट्रिआर्क’ म्हणजे कुलप्रमुख. ‘कार्डिनल’चा संबंध दाराच्या बिजागरीसाठी असलेल्या लॅटिन शब्दाशी आहे. ‘प्रायमेट’ हा शब्द लॅटिन ‘प्रिमस’ म्हणजे पहिला, यावरून आला. देशातील वा प्रदेशातील प्रथम मानाचा बिशप तो प्रायमेट. मात्र प्रथम मान म्हणजे सर्वत्र शासनाधिकार नव्हे. इंग्लंडमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप ‘सर्व इंग्लंडचे प्रायमेट’, तर यॉर्कचे आर्चबिशप ‘इंग्लंडचे प्रायमेट’ म्हणवले जातात.

प्राणिशास्त्रातील प्रवेश : कार्ल लिनीयस याने 1735 साली मानव व वानर ज्या गणात ठेवले, त्यास ‘मानवाकृती’ अशा अर्थाचे नाव होते. 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ‘प्रायमेट्स’ हे नाव योजिले. त्यात मानव, वानर, लेमूर आणि वटवाघूळ असे चार वर्ग होते. वटवाघळे पुढे वगळली गेली. नाव मात्र टिकले. मराठीत या गणास ‘नरवानर गण’ म्हणतात. म्हणजेच दोन्ही संज्ञा एकमेकींपासून निघालेल्या नसून ‘प्रथम श्रेणीचा’ या एकाच अर्थाच्या दोन शाखा आहेत. मराठी भाषांतरकाराने याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

गोव्याचे उदाहरण : गोव्याचे आर्चबिशप ‘पूर्वेचे प्रायमेट’ म्हणून ओळखले गेले. परंतु 1838 मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांच्या आज्ञापत्राने कोचीन, मैलापूर आदी ठिकाणचा पोर्तुगीज ‘पाद्रोआदो’चा अधिकार काढून घेण्यात आला. त्यातून दीर्घ संघर्ष उद्भवला. 1886 च्या करारानंतर पाद्रोआदोचे क्षेत्र मर्यादित स्वरूपात निश्चित झाले आणि त्याच वर्षी गोव्यास ‘पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही सन्मानदर्शक पदवी लाभली. क्षेत्र आक्रसले असताना पदवी उंचावली, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष : पदवीची उंची हा सत्तेचा पुरावा ठरत नाही. ती कधी गमावलेल्या सत्तेची भरपाईही असू शकते. म्हणून अभ्यासकाने पदवीसोबत अधिकारक्षेत्र आणि कालखंड यांचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.