प्रवेशाच्या प्रतीक्षेतील पत्रव्यवहार : एक ऐतिहासिक टिपण

परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज धाडल्यापासून त्याचा निर्णय हाती येईपर्यंतचा काळ हा विद्यार्थ्याच्या चरित्रातील एक स्वतंत्र कालखंड होय. चरित्रकार या काळाची वाट दोन ओळींत लावतात. ‘अर्ज केला, प्रवेश मिळाला’ असे लिहून ते पुढल्या प्रकरणाकडे वळतात. परंतु अर्जदार, मध्यस्थ, प्राध्यापक आणि संस्था यांच्यामध्ये जी पत्रे जातात येतात, ती बहुतांशी याच काळातील असतात, आणि शिक्षणाचे दार कोणासाठी कसे उघडले हे त्या पत्रांवरूनच कळते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन सुविदित उदाहरणे घेऊन या पत्रव्यवहाराचे स्वरूप तपासावयाचे आहे. आनंदीबाई जोशी यांचे १८८३ सालचे, व डॉ. भीमराव आंबेडकर यांचे १९१६ ते १९२३ या काळातील, अशी ही दोन उदाहरणे आहेत. विषय इतिहासाचा असला तरी पत्र हा भाषाव्यवहार असल्याने भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्याकडे पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रथम मराठी पत्राच्या घडणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठी पत्रलेखनास दीर्घ परंपरा आहे. कोणास कोणता मायना लिहावा, वडीलधाऱ्यांस, बरोबरीच्यांस व धाकट्यांस कसे संबोधावे, हे शिकविणारी ‘मेस्तके’ जुन्या काळी कारकुनांच्या हाती असत. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ येथे आरंभ व ‘लोभ असावा ही विनंती’ येथे शेवट, अशा चौकटीत मजकूर बसविला जाई. या चौकटीचे गृहीतकृत्य असे की, लिहिणारा व वाचणारा यांचे नाते पत्रापूर्वीच ठरलेले आहे. मायना ते नाते निर्माण करीत नाही, त्याचा केवळ उच्चार करतो. विनंतीही विध्यर्थी क्रियापदाने केली जाते. ‘उत्तर पाठवावे’, ‘कृपा करावी’ या प्रयोगांत कर्त्याचे नाव काढण्याचीही गरज पडत नाही, कारण उभयतांस एकमेकांचे स्थान ठाऊक असते.

परदेशातील अपरिचित अध्यापकास लिहावयाच्या पत्रात नेमके हेच गृहीत धरता येत नाही. नाते अस्तित्वात नाही, मायन्याने ते सिद्ध होत नाही, आणि वाचणाऱ्यास लिहिणाऱ्याच्या घराण्याशी, गावाशी किंवा वयाशी काही कर्तव्य नाही. अशा पत्रात नात्याची जागा पुराव्याने घ्यावी लागते. मी कोण आहे, काय शिकलो आहे, काय करू इच्छितो आणि त्यात माझी न्यूने कोणती, हे सर्व मजकुरातच सांगावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी माणूस हे नवे पत्र लिहावयास शिकला, आणि या शिक्षणाचा एक फार बोलका पुरावा म्हणजे आनंदीबाईंचा अर्ज.

या अर्जाची पूर्वपीठिका ध्यानी घेतली पाहिजे. १८७८ साली गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुरातील मिशनकार्यामुळे महाराष्ट्राशी परिचित असलेल्या रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अपेक्षा उत्तरात व्यक्त झाली, आणि त्या अपेक्षेपाशीच हा मार्ग खुंटला. परंतु वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला होता. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला, आणि १८८० साली त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र धाडले. पुढील सुमारे तीन वर्षे या दोघींचा पत्रव्यवहार चालला. समुद्रमार्गे जाणाऱ्या टपालास उत्तर येण्यास महिने लागत, हे लक्षात घेता या पत्रांची चिकाटी विशेष होय. सारांश, ज्यास पत्र लिहिले त्याच्याकडून काम झाले नाही. ते पत्र जिच्या हाती यावयाचे नव्हते तिच्याकडून झाले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत याविषयी जाहीर व्याख्यान दिले, एप्रिलमध्ये कलकत्त्याहून प्रयाण केले, आणि जून महिन्यात त्या न्यूयॉर्क येथे उतरल्या. म्हणजे प्रवेशाचा निर्णय होण्यापूर्वीच त्यांनी समुद्र ओलांडला होता. २८ जून रोजी त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिकारी आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले.

या पत्राची रचना पाहण्यासारखी आहे. आपण प्रवेशाच्या अटी सर्व बाबतींत पुऱ्या करू शकणार नाही, याची कबुली त्या आरंभीच्या भागात देतात. त्यानंतर आपले प्रकरण अपवादात्मक असल्याने त्याचा विचार उदारपणे व्हावा, अशी विनंती येते. पुढे आपली प्रकृती, आपला निर्धार व स्वजनांच्या व जातीच्या विरोधास न जुमानता येथवर येणे यांचा उल्लेख आहे. शेवटी हेतू येतो : पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस वैद्यकीय साहाय्य देणे. या मांडणीत न्यून लपविलेले नाही. ते प्रथम सांगून त्याच्यापुढे निर्धार व हेतू यांचे पारडे ठेवलेले आहे. ‘जरी-तरी’ या अव्ययांनी जोडलेल्या वाक्याचा हा विस्तार म्हणता येईल. येथे मराठी मायन्याची नम्रता टिकून आहे, परंतु ती नात्याच्या आधारावर नाही, युक्तिवादाच्या आधारावर उभी आहे. अठरा वर्षांच्या, घरीच इंग्रजी शिकलेल्या स्त्रीने हे साधावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. प्रमुख रेचल बॉडली यांची त्यांना पुढे सतत साथ लाभली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. शिक्षणासाठी त्यांनी पत्रे लिहीत काढलेला काळ व प्रत्यक्ष शिक्षणाचा काळ हे जवळजवळ सारखेच भरतात.

दुसरे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले व १९१५ साली एम. ए. झाले. तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१६ साली ते लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत गेले, तेव्हा सेलिग्मन यांची ओळखपत्रे त्यांच्या पाठीशी होती. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा मात्र लंडन विद्यापीठाकडून त्यांनी मिळविली होती.

ही चार वर्षांची मुभा म्हणजे एका अर्थी प्रवेशाची प्रतीक्षाच होय, फक्त येथे अडसर संस्थेच्या निर्णयाचा नव्हता, पैशाचा होता. या काळात आंबेडकरांनी काय केले हे पाहण्याजोगे आहे. १९१७ साली जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले व १९२० पर्यंत राहिले. पगारातून शिलकी टाकून, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन व कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

सेलिग्मन यांनी लंडनचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले होते. नोव्हेंबर १९२० मध्ये फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिव श्रीमती मेअर यांना जे कळविले त्याचा आशय असा : या गृहस्थांनी डॉक्टरची पदवी अगोदरच मिळविलेली दिसते, ते केवळ संशोधनासाठी आलेले आहेत, आणि जिंकावयास त्यांना येथे काही उरलेले नाही. हा अभिप्राय प्रशंसेचा आहे, परंतु त्याचा परिणाम काय होऊ शकला असता हे पाहिले पाहिजे. ज्यास सर्व काही मिळालेलेच आहे त्यास आणखी प्रवेश कशाला, असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. शिफारसपत्र फार चांगले असले तरीही प्रसंगी ते दार लावून घेण्यास निमित्त होऊ शकते, हा या प्रकरणाचा बोध आहे. आंबेडकरांनी मात्र संस्थेच्या नियमांची वाट धरली. १९२१ साली ते एम. एस्सी. झाले. ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावरील प्रबंध परीक्षकांच्या सूचनेवरून पुन्हा लिहून सादर केल्यावर १९२३ साली त्यांस डी. एस्सी. पदवी मिळाली. मध्यंतरी १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे जर्मन भाषेत अर्ज करून तेथेही नाव नोंदविले होते. हजेरी न झाल्यामुळे पुढल्या वर्षी ते नाव कमी झाले. सेलिग्मन यांच्याशी असलेला पत्रसंबंध मात्र तुटला नाही. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आंबेडकरांच्या ग्रंथास त्यांचीच प्रस्तावना आहे.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, प्रतीक्षेतील पत्राचे बळ आर्जवात नसून नव्या मजकुरात असते. आनंदीबाईंच्या पत्रात हेतूचे स्पष्टीकरण आहे. आंबेडकरांच्या पाठीशी प्रतीक्षेच्या वर्षांतच छापलेले लेखन आहे. दुसरी गोष्ट अशी की, प्राध्यापकाचे मत व संस्थेचा निर्णय या भिन्न बाबी आहेत. तिसरी गोष्ट द्रव्याची. ज्याच्या हाती शिष्यवृत्ती त्याच्या हाती मुदत.

या तिसऱ्या गोष्टीचे आणखी एक उदाहरण मुळशीच्या इतिहासातच सापडते. १९२१ ते १९२४ या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांचा जो सत्याग्रह झाला, त्याचे नेते सेनापती पां. म. बापट हे १९०४ साली मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरो येथे अभियांत्रिकी शिकावयास गेले होते. ब्रिटिश राज्याविरुद्ध जाहीर भाषण केल्यामुळे ती शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली. प्रवेश मिळालेला होता, अध्यापक होते, वर्ग चालू होते. देणाऱ्याची मर्जी फिरली आणि शिक्षण थांबले. यंत्रविद्या शिकावयास गेलेला हा विद्यार्थी पुढे यंत्रयुगाच्या एका मोठ्या धरणासमोर शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. हा योगायोग असेल, परंतु दुसऱ्याच्या द्रव्यावर अवलंबून असण्याचा अर्थ बापटांना पूर्वीच कळलेला होता, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास या व्यवहाराचे रूप बदलले. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाविज्ञानाच्या शाळा भरल्या. अमेरिकन अध्यापक पुण्यास आले व इकडील तरुण अभ्यासक तिकडे गेले. अशोक केळकर यांनी १९५८ साली मराठीच्या वर्णव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर कॉर्नेल विद्यापीठात पीएच. डी. मिळविली, ती याच काळात. अध्यापकाची गाठ वर्गातच पडत असल्याने अपरिचितास पत्र लिहिण्याचा प्रसंग या पिढीतील काहींना कमी आला. परंतु ही सोय ज्या शहरात शाळा भरली त्या शहरापुरतीच होती.

आज मुळशी तालुक्यातच लवळ्याच्या टेकड्यांवर विद्यापीठे उभी आहेत. तेथील विद्यार्थी परदेशी प्राध्यापकांस पत्र पाठवितो ते क्षणात पोहोचते. प्रतीक्षा मात्र उरलेलीच आहे. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांत प्रवेशाचा निर्णय विभागाची समिती करते, एकटा प्राध्यापक करीत नाही, आणि साहाय्यासह आलेल्या प्रवेशाचा स्वीकार कळविण्यासाठी १५ एप्रिल ही तारीख तेथील अनेक विद्यापीठांनी मान्य केलेली आहे. ब्रिटन व जर्मनी येथे संशोधनासाठी मार्गदर्शकाची आगाऊ संमती अधिक महत्त्वाची असते. म्हणून कोणास काय विचारावे हा विवेक आजही पहिला. निर्णय काय झाला असे वारंवार विचारणारे पत्र व्यर्थ. नवा लेख, नवा निकाल, किंवा दुसरीकडून आलेल्या प्रवेशाची मुदत कळविणारे छोटे पत्र योग्य.

ज्यांच्या घरी अशी पत्रे यापूर्वी कोणी लिहिलेली नाहीत, त्या विद्यार्थ्यांस हा विवेक आपोआप येत नाही. इंग्रजी लिहिताना त्यांच्या मनातील मराठी चौकट तशीच राहते. ‘कृपा करावी’ या विध्यर्थाचे शब्दशः रूपांतर होते, मायना लांबतो, आणि जे सांगावयाचे ते शेवटच्या ओळीत दडून बसते. वाचणाऱ्यास त्यात लाचारी दिसते, वस्तुतः ती मर्यादशील भाषेची एक रीत असते. बुद्धीचा अभाव व रीतीचे अज्ञान यांत गल्लत झाल्यामुळे किती अर्ज मागे पडत असतील, हा प्रश्न आपल्या विभागांस गंभीर वाटावयास हवा. पदव्युत्तर वर्गात प्रबंधलेखनाबरोबर पत्रलेखनही शिकविणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

आणि या व्यवहारास दुसरी बाजूही आहे. आपणही कोणाचे तरी प्राध्यापक असतो, आपल्याकडेही अपरिचितांची पत्रे येतात. रोझेलच्या एका गृहिणीने पत्र छापील पानावर वाचून बाजूस ठेवले असते, तर महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण लिहिले गेले नसते. सेलिग्मन यांनी आपला विद्यार्थी समुद्रापलीकडे गेल्यावर पत्र लिहिणे सोडले नाही. प्रवेश देणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. उत्तर देणे मात्र असते, आणि ‘येथे जागा नाही, अमुक ठिकाणी विचारा’ एवढे दोन ओळींचे उत्तरही प्रतीक्षेत असलेल्या माणसास पुढची दिशा दाखविते.